प्रतीक्षा यादीतला स्वेटशर्ट

मी एक जुना, गडद निळा स्वेटशर्ट आहे. जुना वयाने, अंगाने मात्र अजून कोरा करकरीत. छातीवर पिवळ्या अक्षरांत हॅलोवे विद्यापीठाचं नाव आहे. कोपर झिजलेलं नाही, बाहीवर डाग नाही. मित्रांनो, कौतुक करू नका. मला याची लाज वाटते.

होंडुरासमधल्या एका कारखान्यात मला शिवलं आणि खोक्यात कोंबून विद्यापीठाच्या दुकानात पाठवलं. तिथे मी काचेजवळ टांगलेला असे. विद्यापीठ बघायला येणाऱ्या पोरांचे थवेच्या थवे, मागे दमलेले आईबाप. दुकानातली बाई म्हणायची, "दरवर्षी गर्दी वाढतेच आहे. एवढ्या पोरांना घेणार कुठे हे लोक?" मला काय त्याचं! गर्दी वाढली की माझाच भाव वाढायचा. फार शेफारलो होतो मी.

मला घेतलं मायलो हुडाक नावाच्या म्हाताऱ्याने. ओहायोतल्या पोलाद कारखान्यात त्याचा जन्म गेला होता. बरोबर त्याची नात कोरीन होती. तिला त्यानेच वाढवलं होतं. ती त्याला डेडो म्हणे. स्लोव्हाक घरांत आजोबांना तेच म्हणतात.

"घाल की लगेच!" डेडो म्हणाला.

"छे! प्रवेश मिळायच्या आधी घालतात का कुणी? नाट लावू नकोस, डेडो."

"मग काय लोणचं घालणार आहेस त्याचं?"

लोणचंच घातलं म्हणा ना. कपाटाच्या तळच्या खणात, दोन जाड घोंगड्यांखाली माझी रवानगी झाली. अंधार, डांबरगोळ्यांचा वास आणि वरून ते ओझं. घरातलं बोलणं तेवढं ऐकू यायचं.

मार्चअखेर एका संध्याकाळी कोरीनच्या फोनवर हॅलोवेचं उत्तर आलं.

"काय म्हणतात?" डेडोने विचारलं.

"होही नाही आणि नाहीही नाही. प्रतीक्षा यादीत टाकलंय मला."

डेडोने चक्क टाळी वाजवली. त्याच्या कारखान्यात मंदी आली की कामगारांना घरी बसवत. त्यांची नावं यादीत असत आणि काम निघालं की क्रमाने बोलावणं येई. उशिरा का होईना, यायचंच. "यादीत आहेस ना? मग झालं तर!" असं म्हणून तो थेट गाडीकडे गेला. माझ्याबरोबर दुकानातून विद्यापीठाचं एक स्टिकर आलं होतं. ते त्याने मागच्या काचेवर घट्ट चिकटवलं. आमच्या गावात ते स्टिकर म्हणजे पोरीला प्रवेश मिळाल्याची दवंडीच. शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. तिथे नात हॅलोवेला चालली असं सगळ्यांना सांगून त्याने उरलीसुरली कसर भरून काढली.

त्या रात्री कोरीन मैत्रिणीशी फोनवर बोलताना रडत होती. "कशी सांगू गं? सगळे उठून टाळ्या वाजवत होते. पाद्रीबाबांनी मिठी मारली. मी आपली थँक्यू थँक्यू करत बसले, मूर्खासारखी!"

एप्रिल तसाच गेला. जो भेटेल तो अभिनंदन करी. मी खणात कोंडलेला, ती टाळ्यांत. कुणाची कोंडी मोठी, ते मला अजून सांगता येत नाही.

मेच्या पहिल्या तारखेला शाळेत शेवटच्या वर्षाची पोरं आपापल्या कॉलेजचे शर्ट घालून जातात आणि सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो. त्या सकाळी खण उघडला. मी प्रथमच तिच्या अंगात गेलो. मित्रांनो, काय सांगू! पण तिचं काळीज इतकं धडधडत होतं की मलाच धाप लागली. दारात डेडो कॅमेरा घेऊन उभा होता.

"हस की गं!"

"डेडो, त्या यादीला नंबर नसतात." ती एकदम बोलली. "हजारो पोरं आहेत त्यात. वाटलं तर बोलावतात. बहुतेक नाहीच बोलावत."

"म्हणजे आपल्यापुढे किती जण, तेही सांगत नाहीत?"

"नाही."

"मग ही कसली यादी? भामटेगिरी आहे नुसती!"

"मला गुदमरतंय रे यात," असं म्हणून तिने मला ओढून काढलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर टाकलं. गावातल्या, दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या साध्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती. त्यांनी फुकट दिलेला पातळ करडा शर्ट तिने घातला. "कशी दिसते?"

डेडोने कॅमेरा खाली घेतला. "चुरगळलेली. पळ आता, उशीर होईल."

ती गेल्यावर त्याने गरम पाणी आणि पातं घेतलं आणि भर रस्त्यात गाडीची काच खरवडत बसला. शेजाऱ्याने विचारलं, "मायलो, काय झालं रे?"

"पोरीला त्या कॉलेजात नाही घेतलं. मीच घाई केली," डेडो म्हणाला, आणि खरवडत राहिला.

जुलैमध्ये नकार आला. कोरीन त्या गावातल्याच कॉलेजात शिकली. आता ती क्लीव्हलंडच्या इस्पितळात एक्स-रे काढते, मजेत आहे. तिची सुटका झाली. माझी नाही.

दर नोव्हेंबरला चर्च गरजूंसाठी गरम कपडे गोळा करतं. डेडो पिशवी भरतो. स्वतःचा कोटसुद्धा देतो. मग मला उचलतो, माझ्या छातीवरचं नाव वाचतो आणि "राहू दे" म्हणून पुन्हा खणात ठेवतो. मला ओरडावंसं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी असं काही जपून कोंडलेलं असेल, तर ते बाहेर काढा. बाहेर बर्फ पडतंय आणि बसथांब्यावर कुणीतरी कुडकुडत उभं आहे. त्याला द्या मला. माझ्या छातीवरचं नाव त्याला वाचता येत नसलं तरी चालेल.