दादाच्या तक्रारी

आमच्या मेल सर्व्हरचं पोट फुटायला आलं होतं. नवे मेल दारातूनच परत जात होते आणि मोठे साहेब येता-जाता माझ्यावर डाफरत होते. पंप विकणाऱ्या कंपनीत सर्व्हरचे लाड कोण करणार? बंद पडला की तेवढी त्याची आठवण, आणि माझीही.

"जुने मेल ठेवायची कुठेतरी नीट सोय बघा. स्वस्तात," साहेब म्हणाले. "आणि सोडून गेलेल्यांची खाती आधी बंद करा. आपण काय धर्मशाळा उघडलीय?"

सोडून गेलेल्यांत माझा दादा होता.

दादा इथे तक्रार विभाग सांभाळायचा. मलाही त्यानंच इथे चिकटवलं. मग त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. हिंडू-बोलू लागला, पण नवं काही डोक्यात टिकेना. पंप मात्र सगळे पाठ. वहिनी कामावर जाताना त्याला माझ्याकडे सोडायची. शेजारच्या टेबलावर बसून तो जुन्या तक्रारी उघडायचा आणि उत्तरं द्यायचा. "आधी झडप साफ करा, मग पाइपातली हवा काढा." ती उत्तरं गिऱ्हाइकांना जाऊ नयेत म्हणून मी गुपचूप माझ्याकडे वळवली होती. हातातलं काम टाकून मीच गिऱ्हाईक व्हायची आणि लिहायची, "पंप सुरू झाला. आभारी आहे." ते वाचून दादा टेबलावर अशी थाप मारायचा की हिशेबनीस दचकायचे. संध्याकाळी तो दमून घरी जायचा. घरात नुसता बसून असलेला दादाही मी पाहिला होता. तो मला पुन्हा बघायचा नव्हता.

"निदान त्याचं खातं राहू द्या," मी साहेबांना गळ घातली.

"नोकरीत नाही, त्याला खातं नाही. एकाला दिलं की दहाजण उभे राहतील."

खातं गेलं तर गेलं, मेल तरी वाचवू म्हणून मी पदर खोचला. पहिल्या कंपनीचा दर माणशी होता. हिशेबनिसांनी लगेच गेलेल्यांच्या नावांवर काट मारली. दुसरी स्वस्त होती, पण ती फक्त यापुढचे मेल ठेवणार होती. शेवटी मला एक फुकटातलं सॉफ्टवेअर सापडलं. आपल्याच अडगळीतल्या मशीनवर चालणारं, आलेला-गेलेला प्रत्येक मेल ठेवणारं. फुकट म्हटल्यावर साहेबांची कळी खुलली.

मी खपून सगळे मेल त्यात भरले. दादाचे तर उघडून उघडून पाहिले. एकही हरवला नव्हता. मग जुनी खाती बंद केली. सगळ्यांना कसं गुंडाळलं, म्हणून स्वतःवर खूश होते मी.

दुसऱ्या दिवशी दादा आला. मी त्याला नवा संग्रह उघडून दिला. त्यानं एका शाळेच्या पंपाची तक्रार काढली, मान पुढे घालून वाचली आणि पडद्यावर इकडेतिकडे शोधत राहिला.

"ठमे, उत्तर कुठून द्यायचं?"

संग्रहातला मेल वाचता येतो, त्याला उत्तर देता येत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मेल जपण्याच्या नादात, दादा त्यांचं करतो काय, हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

"उत्तर नको, दादा. ते काम झालंय."

"कोणी केलं?"

"तूच. हे बघ, खाली तुझंच उत्तर आहे."

त्यानं ते वाचलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाला आणि पुढची तक्रार उघडली. तिच्याखालीही त्याचं उत्तर होतं. तिच्या पुढच्या तक्रारीखालीही. मग त्यानं माउस सोडला आणि हात मांडीवर घेतले.

"सगळंच झालंय की गं," तो म्हणाला. "मग मी इथे कशाला आलोय?"

वहिनी यायला अजून अख्खा दिवस होता.