सोयरिकीचं टेबल

आर्गिरिसने बसमधून उतरेपर्यंत ते वाक्य मनात घोळवलं होतं. ‘लग्न सप्टेंबरमध्येच करा, माझ्यासाठी थांबू नका.’ एवढंच. जन्मभर अथेन्सच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवताना याच्यापेक्षा लांब वाक्यं त्याने अनोळखी लोकांना खिडकीतून ओरडून ऐकवली होती. आज मात्र ते तोंडातून निघालं नाही.

त्याची बायको आसिमिना फेब्रुवारीत गेली. त्याच संध्याकाळी त्यांची एकुलती एक मुलगी थेओनी एक बॅग घेऊन घरी राहायला आली, आणि आठवड्याच्या आत तिने सप्टेंबरमधलं लग्न वर्षभर पुढे ढकलल्याचं होणाऱ्या सासरी कळवून टाकलं. दुखवट्याचं वर्ष. कुणी हरकत घेतली नाही, आणि आर्गिरिसला कुणी विचारलंही नाही. चौतीस वर्षांची मुलगी संध्याकाळी कामावरून येई, त्याच्यासाठी मसूर शिजवी आणि समोर बसून त्याने किती खाल्लं ते बघे. आईसारखीच भुवई वर करून बघे. तेच त्याला सहन होत नसे.

एक वर्ष म्हणजे केवढं असतं, हे त्याला आता कळलं होतं. लेकीचं एक वर्ष आपल्या नावावर खर्ची पडावं असं त्याला वाटत नव्हतं.

ईस्टर होऊन गेल्यावरच्या एका रविवारी मुलाकडच्यांनी त्यांना पिरेयसला, मिक्रोलिमानोच्या धक्क्यावर जेवायला बोलावलं. तिथलं सगळ्यात भारी मासळीचं हॉटेल. मागच्या रस्त्यावर गाड्या जागेसाठी हॉर्न वाजवत भांडत होत्या आणि इकडे पांढऱ्याशुभ्र टेबलांना खेटून होड्या डुलत होत्या.

“व्याही, मासा तुम्ही निवडा,” मुलाचे वडील पेरिक्लिस त्याला बर्फाच्या मांडणीकडे घेऊन गेले.

फाग्री, बोई, माकूळ, लाल कोळंबी, सगळे ओळीने मांडलेले. आर्गिरिस त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मासा निवडायचं काम आसिमिनाचं होतं. ती बोटाने कल्ले उघडून बघायची, विकणाऱ्याशी वाद घालायची, आणि हा मागे पिशवी धरून उभा. आता हातात पिशवीही नव्हती.

“तुम्हीच बघा,” तो म्हणाला.

पेरिक्लिसनी एक मोठा गुलाबी फाग्री दाखवला आणि घाईघाईने त्याला टेबलाकडे परत आणलं.

वाईन ओतली गेली. पेरिक्लिसनी सवयीने पेला पुढे केला, बायकोने टेबलाखालून पाय मारला असावा, कारण तो पेला अर्ध्यावर थांबला आणि मागे गेला. दुखवट्यातल्या माणसासमोर पेल्याला पेला भिडवत नाहीत.

“देव तिला शांती देवो,” मुलाची आई एवान्थिया हळूच म्हणाली. सगळे मुकाट्याने प्यायले.

मग कुणाला काही सुचेना. मिल्तोस, म्हणजे होणारा जावई, पावाचे तुकडे करत बसला. थेओनी काळ्या ब्लाउजच्या बाह्या खाली ओढत होती. एवान्थियाने उकडलेल्या रानभाजीची बशी आर्गिरिसपुढे सरकवली, आणि ती सरकवतानासुद्धा आवाज होऊ नये याची काळजी घेतली.

‘आता बोल,’ आर्गिरिसने स्वतःला बजावलं. त्याने तोंड उघडलं.

“भाजी चांगली आहे,” तो म्हणाला.

तेवढ्यात वेटर आला. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, टापटीप माणूस. त्याच्या ट्रेमध्ये ब्रँडीचे पाच छोटे पेले होते. कुणी मागवले नव्हते. त्याने एकेक पेला खाली ठेवला, ट्रे छातीशी धरला आणि मान झुकवली.

“मालकांकडून, साहेब. तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, त्यांची आठवण ठेवायला.” मग आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, “चाळिसाव्या दिवसाचं जेवण आहे ना? कॉफी आत्ताच आणू, का माशानंतर?”

माणूस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी जेवायला येणाऱ्यांना अशीच ब्रँडी आणि कॉफी देतात.

“अहो, काय बोलताय!” एवान्थियाच्या मानेपर्यंत लाली चढली. “हे जेवण सोयरिकीचं आहे! हा नवरा मुलगा, ही नवरी!”

वेटरने मिल्तोसकडे बघितलं, थेओनीच्या काळ्या कपड्यांकडे बघितलं, मग आर्गिरिसच्या काळ्या सदऱ्याकडे. “लग्नाचं?” त्याच्या तोंडून निघून गेलं. “देवा! माफ करा. पण साहेब, या टेबलावर अर्धा तास कुणी पेला भिडवला नाही, कुणी मोठ्याने बोललं नाही, बिल कोण देणार यावरून कुणी भांडलंसुद्धा नाही. मला वाटलं…”

आर्गिरिसने टेबलावरून नजर फिरवली. माणसाचं बरोबर होतं. लग्न ठरलेली दोन मुलं आणि तीन म्हातारी माणसं, सगळी प्रेताशेजारी बसल्यासारखी. आणि ते प्रेत कोण, तर तो स्वतः, समोर भाजी खात बसलेला.

त्याचे खांदे गदगदायला लागले. थेओनीला वाटलं घास अडकला, तिने उठून त्याच्या पाठीत थापट्या मारायला सुरुवात केली. “बाबा! पाणी! पाणी द्या कुणीतरी!” पण तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता, आणि वेटर ट्रे धरून तसाच उभा.

“थांबव गं, बरगड्या मोडशील,” तो शेवटी म्हणाला. “बस खाली. लग्न सप्टेंबरमध्ये होणार.”

“बाबा, ते ठरलंय आपलं.”

“तुझं ठरलंय. मला कुणी विचारलं?”

“लोक काय म्हणतील? आईला जाऊन वर्षही झालं नाही आणि…”

“लोक तू पंचविशीची झाल्यापासून बोलतायत. त्यांना एकदा जेवायला घालू, गप्प बसतील.”

मिल्तोसला हसू आलं आणि ते लपवायला त्याने पाव तोंडात कोंबला.

“आणि चर्च?” थेओनी म्हणाली. “ती तारीख सोडून दिलीये ना यांनी.”

एवान्थियाने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “मी अजून फादरना कळवलेलं नाही,” ती म्हणाली. “फोन उचलायचे आणि खाली ठेवायचे.”

“मला म्हणालीस कळवलं!” पेरिक्लिस ओरडले.

“तुम्हाला काय, मी रोज काहीतरी म्हणते!”

आता शेजारच्या टेबलावरचे लोकही बघायला लागले. थेओनीने मात्र कुणाकडे पाहिलं नाही. तिने वडिलांचं मनगट धरलं.

“तू एकटा घरी काय करशील?” तिने विचारलं. हे खरं कारण होतं. बाकीचं सगळं वरवरचं.

आर्गिरिसला खोटं बोलता आलं असतं.

“रडेन,” तो म्हणाला. “मग भांडी घासेन. मग तुला फोन करून मसूर कसे शिजवायचे ते विचारेन. रडतो मी आताही, पोरी, पण तू झोपायची वाट बघावी लागते.”

“मीही,” ती म्हणाली. “तू झोपायची.”

मिल्तोसने खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग आर्गिरिसने ब्रँडीचा पेला उचलला आणि जावयाच्या पेल्यावर असा आपटला की थोडी ब्रँडी टेबलक्लॉथवर सांडली. पेरिक्लिस जणू वाटच बघत होते. पाचही पेले एकमेकांवर वाजले, आणि वेटर “मंगल होवो! मंगल होवो!” म्हणत आत पळाला, तो थेट फाग्री घेऊनच परत आला.

मासा वाढून होईपर्यंत बायकांचा हिशेब सुरू झाला होता. कुणाला बोलवायचं, वाजंत्री कुठले, ऑगस्टच्या उपवासात शिंप्याकडे जायचं का.

“आणि नव्या घरातला पलंग?” थेओनी मध्येच थांबली. लग्नाआधी नवरीच्या घरच्या बायका नवी चादर अंथरतात, त्यावर तांदूळ टाकतात. त्या बायकांत पुढे नवरीची आई असते. “तो कोण सजवणार?”



“मी,” आर्गिरिस म्हणाला.

“तू? तुला साधे कोपरे खोचता येत नाहीत!”

“मग दाखव. चार महिने आहेत.”

“त्या बायका तुला खोलीत शिरू देतील का?”

“दाराशी उभा राहून विचारीन,” तो म्हणाला, आणि माशाचा एक मोठा तुकडा आपल्या बशीत घेतला.