उलटी टाकी

टाकी पेटीत बंद होऊन अंतराळयानाकडे निघायला तासच उरला होता आणि ताई अजून तिच्यापाशीच उभी होती. पंधरा वर्षं ती कारखान्यात अतिथंड द्रवांच्या टाक्या जोडत होती. मिस्त्री गमतीनं म्हणायचे, "हिची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." या टाकीच्या तपासणीच्या कागदावर मात्र तिनं न केलेल्या तपासणीखाली सही केली होती.

टाकीच्या तोंडाशी बारीक छिद्रांचं बूच असतं. त्यातून थोडीशी वाफ जावी, द्रव नायट्रोजन आतच राहावा. जमिनीवर द्रव मुकाट्यानं तळाशी बसतो, त्यामुळे बुचाला तडा असला तरी कळत नाही. अंतराळात सगळंच तरंगतं, द्रव थेट बुचाशी येऊन टेकतो. म्हणून टाकी उलटी टांगून तपासायची. त्या दिवशी टांगायची चौकट दुसऱ्यांनी अडवून ठेवली होती, हिला घरी जायची घाई. काय होतंय, म्हणून हिनं 'उलटी तपासली' असं ठोकून दिलं.

काल जेवताना, त्याच यानातून जाणारा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, यानात तुझी टाकी माझ्या उशाशीच असणार आहे. मी आपला निवांत झोपणार." नायट्रोजनला वास नसतो. बंद जागेत द्रव गळत राहिला, तर त्याच्या वाफेनं प्राणवायू कमी होतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो.

"मिस्त्री, थांबा," ती म्हणाली. "ही उलटी तपासलेली नाही. मी खोटं लिहिलं."

मिस्त्रींनी भरलेली टाकी चौकटीत चढवून उलटी केली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"उगाच जीव खाल्लास," मिस्त्री पुटपुटले, आणि तेवढ्यात एक थेंब पडला. वाफ सोडत तो तिच्या बुटापर्यंत घरंगळत आला आणि नाहीसा झाला. मग दुसरा पडला.

ताईच्या खिशातला फोन वाजला. धाकटाच होता.

"निघाली का तुझी टाकी?"

"नाही. गळतेय." मग तिनं काही न लपवता सगळं सांगितलं.

त्यानं एवढंच विचारलं, "आता नवं बूच कोण बसवणार? तूच?"

"नाही रे. मला आता हातही लावू देणार नाहीत."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं सोडलेला सुटकेचा निःश्वास तिला स्पष्ट ऐकू आला.