बिबळा आणि त्याची भाडेकरीण

मित्रांनो, अकोले तालुक्यातल्या डोंगरउतारावर उभा आहे ना, तो म्हातारा बिबळा मी. मी झाड आहे. नावावरून बिबट्याचा भाऊबंद समजून पळू नका. माझं लाकूड टिकाऊ म्हणून नावाजलेलं, त्यामुळे आमची जात हल्ली कमीच दिसते. कौतुक फार झालं की असं होतं.

माझ्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्ष्यांचं जोडपं बिऱ्हाड करतं. आमच्यात साम्य थोडं. धनेश उडतो, मी नाही. त्याची चोच विळ्याएवढी. मला तोंडच नाही, तरी बोलतोय. पण त्याचं तेल सांधेदुखीवर चालतं अशी लोकांची समजूत आणि माझं लाकूड गाडीला चालतं. म्हणजे दोघांचीही किंमत मेल्यावरच!

एकाहत्तरच्या चैत्रात मादी ढोलीत शिरली आणि तिनं आतून दार लिंपून घेतलं. फटीतून चोच तेवढी बाहेर. नर दिवसभर उंबरं आणून भरवायचा. मी उभा आहे त्या शेताची मालकीण छबूबाई म्हणाली, "ही तर घटी बसली!" नवरात्रात बायका देवीपुढे जागा न सोडता बसतात, तशी.

नेमकी तेव्हाच तिच्या नवऱ्याला, सहादेवाला, नवी बैलगाडी हवीशी झाली. त्यानं भिमाजी सुताराला आणलं. भिमाजी दूर सपाटीवरच्या काष्टी गावचा, इथं सासुरवाडीला आलेला. बिबळा त्यानं फळ्यांच्या रूपातच पाहिला होता.

"अवो, आत बाळंतीण हाय," छबूबाई म्हणाली.

सहादेव म्हणाला, "पाखरू हाय ते. उडंल."

"दार लिंपल्यावं कुठनं उडंल?"

भिमाजीनं घाव घातला. आत मादी किंचाळली आणि घावातून लालभडक धार ओघळली.

"रगत! वैनी, पाखराला लागलं का काय?"

"घटी बसलेलीवं कुऱ्हाड चालवलीस. आता मी काय सांगू बाबा!" छबूबाईनं पदर तोंडाला लावला.

भिमाजीनं कान धरले, मला नमस्कार केला आणि सासुरवाडीची वाट धरली. गाडी पुढे बाभळीची झाली.

रक्तबिक्त काही नव्हतं. आम्हा बिबळ्यांचा रसच लाल.

"रस हुता त्यो. तुला ठाव हुतं," सहादेव मागाहून म्हणाला.

"तुमालाबी ठाव हुतं. मग तवाच का न्हाई बोललात?"

सहादेवानं ढोलीकडे पाहिलं. "तिचा दादला समूर बसला हुता. उंबर तोंडात धरून."

मित्रांनो, माझा रस लाल, म्हणून भिमाजी थांबला. बाकीच्या बहुतेक झाडांचा पाण्यासारखा असतो. तिथंही थांबत जा.