चिवड्याची पिशवी

अपूर्वाने चिमट्याने टाकीतल्या पाण्यातून प्लॅस्टिकचा लगदा उचलला आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला. आठ दिवसांनी कासवाचं पोट मोकळं होऊ लागलं होतं.

मादी होती, पस्तीस किलोंची. कोकणच्या किनाऱ्याजवळ मच्छीमारांना ती नुसती तरंगताना सापडली. पोटात प्लॅस्टिक अडकून वायू साचला होता, त्यामुळे बुडीच मारता येत नव्हती. वन खात्याच्या गाडीतून तिला पुण्यात वारज्याला, अपूर्वाच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आणलं होतं. मागच्या शेडमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी उभी केली होती.

"निघालं का गं?" मंदाकिनीबाईंनी डबा टेबलावर ठेवत विचारलं. लेकीला जेवायला घरी यायला वेळ नव्हता, म्हणून आठवडाभर त्याच रोज दुपारी यायच्या. आल्या की आधी कासवाशी बोलायच्या. छत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे तेव्हाही आवाज चढायचाच.

"बरंच निघालं. हा फुग्याचा तुकडा, ही दोरी."

अपूर्वा एकेक तुकडा नळाखाली धुऊन पसरत होती. शेवटच्या तुकड्याची घडी उलगडली. शाई पुसट झाली होती, तरी अक्षरं लागत होती. 'सांजवेळ मंडळ. कासव-दर्शन सहल.'

दोघींनी वाचलं. अपूर्वाने नळ बंद केला.

मागच्या मार्चमध्ये या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाच्या बेचाळीस जणांना कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दाखवायला मंदाकिनीबाईच घेऊन गेल्या होत्या. चिवड्याच्या पिशव्यांवर नाव छापून घ्यायची कल्पनाही त्यांचीच.

"मी स्वतः गोळा केल्या होत्या," त्या म्हणाल्या. "बेचाळीसच्या बेचाळीस. किनाऱ्यावरच्या कचरापेटीत टाकल्या."

"हो आई. मी कुठे काय म्हटलं?"

मंदाकिनीबाई फोन घेऊन अंगणात गेल्या. सहलीत कासवांची घरटी दाखवणाऱ्या कोंडीरामचा नंबर त्यांच्याकडे होता.

"कोंडीराम, ती किनाऱ्यावरची पेटी भरली की कुठे रिकामी करता तुम्ही?"

"खाडीच्या कडेला, बाई. भरतीच्या रेषेच्या वरच टाकतो. पण पावसात जातं वाहून. इथं गाडी येत नाही. दुसरीकडं कुठं नेणार?"

संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत त्यांनी तो तुकडा एका ताटलीत घालून सगळ्यांसमोर ठेवला. कुठून निघाला ते सांगितलं. कोंडीराम काय म्हणाला तेही सांगितलं.

"यंदाच्या सहलीत आपला सगळा कचरा आपण परत पुण्यात आणायचा," त्या म्हणाल्या.

बँकेतून निवृत्त झालेले बाळ अभ्यंकर चष्मा पुसत होते. "उत्तम. पुण्यात पुढे त्याचं काय होतं, हे आपल्याला ठाऊक असेलच."

सगळे हसले. मंदाकिनीबाईंनी ताटली झाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता अपूर्वाचा निरोप आला. 'बुडी मारली. तळाशी बसलीये.' त्यांनी तो दोनदा वाचला. डोळे टिपले, चहा ठेवला आणि गॅस परत बंद केला.

साडेसातला रस्त्यावर ढकलगाडीचा आवाज आला. एरवी त्या दाराबाहेर कचऱ्याचा डबा ठेवून मोकळ्या व्हायच्या. आज डबा घेऊन स्वतः खाली उतरल्या. मुक्ताबाई गेली अकरा वर्षं सोसायटीचा कचरा नेत होत्या.

"मुक्ताबाई, हे सगळं पुढे कुठे जातं हो?"

मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला.

"काय हरवलं का, बाई? सोन्याचं हाय का? थांबा, घाबरू नका," असं म्हणत त्यांनी पदर खोचला, बाही वर सारली आणि कचऱ्यात कोपरापर्यंत हात घातला.