खाट मोकळी ठेवायची नाही

जेऊरच्या ऋतुजाला सोलापुरातल्या त्या दवाखान्यात कायम व्हायला एकच सही कमी होती, आणि ती सही ईरम्मा सिस्टरच्या पेनात होती. उमेदवारीचा आज शेवटचा दिवस. सही झाली तर नोकरी, नाही झाली तर टेंभुर्णीचं स्थळ. मुलाचं टायरचं दुकान होतं. तो बघायला आला तेव्हा चहा पिऊन झाल्यावर त्यानं ऋतुजाच्या वडिलांच्या मोटरसायकलची हवा तपासली होती. त्याची त्या दिवसातली सगळ्यात प्रेमळ नजर तीच.

ईरम्मा सिस्टर अक्कलकोटच्या, वॉर्डच्या मुख्य. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मागं एका मुलीनं टेबलाशी बसून सगळ्या रुग्णांचा ताप अंदाजानं भरला होता. त्यात सकाळीच घरी गेलेल्या माणसालाही थोडा दिला होता. त्या दिवसापासून वॉर्डात नियम झाला.

"बघितलं तेवढंच लिहायचं," सिस्टर म्हणायच्या. "मनातलं लिहायचं नाही. आणि लिहिलं नाही ते झालंच नाही. तिळीता?"

ऋतुजाला कानडी येत नव्हतं, पण 'कळलं का?' एवढं कळायचं.

खिडकीजवळच्या खाटेवर सांगोल्याकडचे तात्याबा होते. मेंढरं राखणारा म्हातारा, ताप आलेला, डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीत. तोंडावरची घोंगडी काढायची तर बायको चिमाबाई आडवी यायची. "वारं लागंल की! घाम येऊ द्या." म्हणून घोंगडीतून एक हात तेवढा बाहेर यायचा, आणि ऋतुजा त्याच हाताची सेवा करायची. नाव विचारायची, मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचायची, नाडी, ताप, बीपी बघायची आणि हात दिसेल तसा लिहायची.

सकाळी लिहिलं: "हात काटकुळा, सुरकुतलेला. बीपी कमी."

नाश्त्यानंतर लिहिलं: "दंडाला बीपीचा पट्टा पुरेना. मोठा आणला. बीपी उत्तम."

त्यानंतर: "नखांना जांभळं नेलपॉलिश. आवाज बारीक झाला आहे."

ऋतुजाला शंका आली. पण चार्टमध्ये शंकेला रकाना नव्हता. एवढ्याशा आजारात माणूस बदलतो, हे तिनं आईकडून ऐकलं होतं. आणि प्रत्येक वेळी "तात्याबा?" म्हटलं की आतून "व्हय" यायचंच.

दुपारी मात्र "व्हय" आलं नाही. घोरणं आलं. चिमाबाई आणि सोबतची नातेवाईक मंडळी चहाला गेली होती. ऋतुजानं हात घेतला. हात गुबगुबीत, फार स्वच्छ, सॅनिटायझरचा वास. बीपी बघितला आणि तिचे डोळे मोठे झाले. एकशेनव्वद. पुन्हा बघितला. तेवढाच. तेवढ्यात घोंगडी झोपेत गरजली, "चार्ट एल्लीदे?" चार्ट कुठाय, एवढं कानडी वॉर्डात ऐकून कळायचं. का कोण जाणे, ऋतुजा टाचा जुळवून उभी राहिली.

तिनं लिहिलं: "बीपी फार वाढला आहे. रुग्ण झोपेत कानडी बोलतो."

मग ती ईरम्मा सिस्टरना सांगायला धावली. टेबलाशी नाहीत, औषधांच्या खोलीत नाहीत, जिन्यात नाहीत. बाईंना एरवी चुकवावं म्हटलं तरी चुकवता येत नसे. शेवटी तिनं सरळ डॉक्टर गुरुबसप्पांनाच बोलावून आणलं.

डॉक्टर येईपर्यंत खाटेवर तात्याबा उठून बसले होते, घोंगडी खांद्यावर, तोंडात बिस्कीट. ईरम्मा सिस्टर शेजारी उभ्या होत्या, टोपी जरा वाकडी. डॉक्टरांनी म्हाताऱ्याचा बीपी बघितला. कमी. मग चार्ट वाचला. मग म्हाताऱ्याची नखं बघितली.

"बाबा, कानडी येतं?"

"मला मराठीबी बेताचं येतंय."

डॉक्टरांनी चार्ट सिस्टरच्या हातात दिला. वाचता वाचता सिस्टरच्या भुवया टोपीत गेल्या.

"बसून भरलंय," त्या म्हणाल्या. "हिला सही नाही. आजच घरी."

ऋतुजाच्या डोळ्यांपुढं टायरांची चळत उभी राहिली. "सिस्टर, एकेक आकडा हात धरून बघितलाय. पट्टीवरचं नाव वाचून."

"मग हातांना काय पालवी फुटते?"

"पोरीनं खरंच लिवलंय की!" चिमाबाई उसळली. "आजाऱ्याची खाट मोकळी ठिवायची न्हाय. मोकळी दिसली की आजार म्हनतो, जागा हाय, आनि दुसऱ्याला घेऊन येतो. ह्यांना डोक्यावर पंखा फिरत असला की भ्या वाटतं. हे खाली लिंबाखाली बसत्यात. मग आमच्यातलं कुनीतरी पडतंय."

"आणि हातातली पट्टी?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिल्ला व्हय? त्यो खाटंचा. खाटंवर जो, त्येच्या हातात. आमच्या मेंढराला बी कानात असतोय, पर त्यो मेंढराचा. हितं मानसं बदलत्यात, खाट तीच."

"अन नाव विचारल्यावर व्हय का म्हणता?"

"तात्याबाच्या जागी पडल्यावर काय दुसऱ्याचं नाव सांगायचं?"

ऋतुजाला एक युक्ती सुचली. तिनं सगळ्या नातेवाइकांना ओळीनं हात पुढं करायला लावले. पहिला पुतण्या बिरुदेव, तालमीतला. मोठा पट्टा, बीपी उत्तम. मग नात सुकन्या. जांभळी नखं, आकडा जवळपास तोच. डॉक्टर एकेका नोंदीवर टिक करत गेले. राहिली एकशेनव्वदची.

"ही कुणाची?" डॉक्टर म्हणाले. "हा माणूस खरा असला तर त्याला आत्ता औषध पाहिजे."

ईरम्मा सिस्टर खिडकीबाहेर लिंबाकडं बघू लागल्या.

"ह्या बाईची," चिमाबाई म्हणाली. "उभ्या उभ्या डुलत व्हत्या. म्या म्हनलं, आमी चा पिऊन येतो, तवर पडा जरा, खाट बी राखली जाईल. मीच बिल्ला घातला, मीच घोंगडी घातली."

"असं काही झालेलं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"झालंय, सिस्टर," ऋतुजा अगदी हळू म्हणाली. "लिहिलंय."

डॉक्टरांनी सिस्टरचा हात घेतला आणि पट्टा गुंडाळला. आकडा वर गेला, आणखी वर गेला आणि नोंदीजवळ येऊन थांबला.

"तिळीता?" डॉक्टर म्हणाले.

सिस्टरना शेजारच्या खाटेवर झोपवलं. औषध पोटात गेल्यावर त्यांनी उशीवरूनच ऋतुजाचा कागद मागवला आणि सही केली. मग चार्टही मागवला. "'कानडी बोलतो' काय? 'बोलते' पाहिजे. आणि त्याखाली तुझी सही राहिलीय. सहीशिवाय नोंद म्हणजे भिंतीवरची रेघ."

ऋतुजानं सही केली. घरी फोन केला. आई म्हणाली, टेंभुर्णीच्या माणसाला आता काय सांगायचं? ऋतुजा म्हणाली, हवा ठीक आहे म्हणून सांग.

संध्याकाळी ती सिस्टरचा बीपी बघायला गेली. खाटेवर पांढरी चादर, डोक्यापासून पायापर्यंत. चिमाबाई उशाशी बसलेली.

"ईरम्मा सिस्टर?"

"व्हय," चादर म्हणाली.

हात बाहेर आला. काटकुळा, सुरकुतलेला, मनगटात सिस्टरची पट्टी. या वेळी ऋतुजानं सरळ चादर उचलली. आत तात्याबा होते, एकदम निवांत. या खाटेवर पंखा नव्हता.

"बाई मोरीत गेल्यात," ते म्हणाले. "खाट मोकळी ठिवायची न्हाय."

ऋतुजानं पेन काढलं आणि बघितलं तेवढंच लिहिलं.