भावाचं पत्र

खुरप्यानं भिंत खरवडता खरवडता मारोतरावांचा हात थांबला आणि उत्तर न दिलेलं ते पत्र त्यांना पुन्हा आठवलं. तसं ते रोजच आठवे. हैदराबादेत नोकरीच्या कुतुबखान्यात पुस्तकांच्या कपाटांमधून हिंडताना आठवे, खोलीवर एकट्यानं ताट वाढून घेताना आठवे. पण शेतातल्या या घरात येऊन राहिल्यापासून ते जरा जास्तच जवळ सरकलं होतं.

पत्र धाकट्या बहिणीचं, रेणुकाबाईचं. आठ वर्षांपूर्वी, निजामी संपायच्या आधीच्या उन्हाळ्यात किनवटहून आलेलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ‘बाबा गेले, घराला कुलूप लागलं. माझंही इथलं माणूस गेलं. चार दिवस माहेरच्या घरात राहावंसं वाटते. मला न्यायला मुऱ्हाळी धाडावा तर तुझ्यापाशी कोणी नाही, हे मी जाणते. नुसतं पत्र टाक. भावानं बोलावल्याशिवाय लेक माहेरची पायरी चढत नाही, दादा.’

मारोतरावांनी लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. शाळा उर्दूत झाली, नोकरी उर्दूत झाली; मराठी पुस्तकं वाचली खंडीभर, पण चार ओळी लिहायच्या तर वाक्य जुळेना. ‘घर तुझंच आहे’ लिहिलं, तर उपकार केल्यासारखं दिसलं. ‘अवश्य येणे’ लिहिलं, तर परक्या पाहुण्याला लिहिल्यासारखं. कागदामागून कागद फाडले. मग धामधुमीचे दिवस आले, टपाल बंद पडलं. टपाल सुरू झालं तोवर उशीर झाला होता, आणि उशिराची लाज वर्षागणिक वाढतच गेली.

आता तर हैदराबाद राज्याचेच तीन तुकडे व्हायचे होते. कुतुबखान्यातली पुस्तकंसुद्धा भाषेभाषेनं वेगळी होऊन गठ्ठ्यांत बांधली जाऊ लागली, तेव्हा मारोतरावांनी पेन्शन घेतली, शहरातली खोली सोडली आणि पुस्तकांची एक पेटी घेऊन गुडीहत्नूरजवळ बाबांच्या या शेतात आले. पडकं घर नीट करायचं आणि उरलेले दिवस इथंच काढायचे, एवढाच बेत होता.

“मारोतराव!” छपरावर कौलं परतणाऱ्या डोमाजी सुताराची हाक आली. “घर पडलं असन म्हून सांगतलं होतं ना तुमी? म्या दोन गाड्या माती टाकाले सांगून आलो. हे त दणकट उभं हाये!”

“आठ वर्षं कुलूप होतं, डोमाजी.”

“कुलूप भित सारवते काय?”

डोमाजी स्वतःच्याच विनोदावर हसत पुढच्या ओळीकडे सरकला. मारोतराव मात्र भिंतीपाशी वाकले. खुरप्याखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पांढऱ्या मातीचे थर सुटत होते. एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. त्यांनी नखानं मोजले. सात होते. सगळ्यात वरच्या थरावर, कोनाड्याच्या कडेला, कुणाची तरी चार बोटं ओढलेली स्पष्ट दिसत होती.

किल्ली इतकी वर्षं शेजारच्या शेतातल्या गयाबाईकडे होती. म्हणजे हे तिचंच काम. मारोतराव दोन शेतांमधल्या धुऱ्यापर्यंत गेले आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत उभे राहिले. गयाबाई कापूस वेचत होती. पोटाशी बांधलेली ओटी सावरत तीच जवळ आली.

“काय झालं, दादा? साप-बीप निंगाला काय?”

“नाही, नाही. म्हटलं... तुमचे उपकार झाले, गयाबाई. भिंती राखल्या तुम्ही.”

“म्या?” गयाबाई खळखळून हसली. “घरच्या भिती सारवाले मले फुरसत भेटत नाही, तुमच्या काऊन सारवू? रेणुकाबाईनं राखल्या त्या. वर्साच्या वर्साले येते ना ते, दसरा झाला का. माती कालवते, सारवते, आठ-पंधरा दिवस राह्यते अन् जाते. तुमीच त बलावत होते तिले!”

“मी?”

“मंग! ‘दादाचं पत्र आलं,’ म्हणे. कागद काढून दाखवे साऱ्या बायांले. आमी म्हणो, भाऊ असावा त असा! नाहीतर आमचे, बाजारात दिसले त तोंड फिरवते.”

मारोतराव धुऱ्यावर खाली बसले. उपरण्याच्या टोकानं त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, काढून पुन्हा पुसला.

“कागद पाहिला तुम्ही?”

“पाह्यला ना. पण मले कुठं वाचता येते? घडी पडू पडू चिंधी झालती त्याची.”

“या वर्षी दसरा होऊन आठ दिवस झाले, गयाबाई.”

“तेच त म्हणून राह्यली मी. औंदा आलीच नाही. तुमी सोता येऊन राह्यले हे किनवटच्या बाजारात सांगतलं म्हणे तिले आपल्या मारवतीच्या पुजाऱ्यानं. मले वाटलं, आता त धावत येईन, भाऊ घरी हाये म्हून.”

गयाबाईला ते कोडं सुटत नव्हतं. मारोतरावांना सुटलं होतं. घरात प्रत्यक्ष भाऊ बसलेला असताना त्यानं न लिहिलेलं भावाचं पत्र ती कुणाला दाखवणार होती? घर रिकामं होतं तोवर तिला माहेर होतं. ते येऊन राहिले आणि तिची वाट बंद झाली.

खाली मान घालून त्यांनी विचारलं, “काय लिहिलं होतं त्या पत्रात?”

“अवो, तुमीच लिवलं अन् मलेच इचारता?”

“म्हातारा झालो. आठवत नाही.”

“आमाले पाठ झालं न् तुमाले आठवत नाही!” गयाबाईनं पदर खोचला आणि शाळेतल्या मुलीनं पाढा म्हणावा तशी एका दमात म्हणाली, “‘रेणुका, घर तुहं हाये. येजो. भितीकडं पाह्यजो. जितके दिवस राहावं वाटन तितके दिवस राह्यजो. मी वाट पाहून राह्यलो.’ एवढंच. जास्त नाही लिवत माहा भाऊ, म्हणे, पुस्तकातला माणूस हाये.”

मारोतराव घरी आले. पुस्तकांच्या पेटीवर कागद ठेवून त्यांनी गयाबाईनं सांगितलं ते जसंच्या तसं उतरवलं. एकही कागद फाडावा लागला नाही. शेवटी क्षमेच्या दोन ओळी घालाव्यात म्हणून टाक पुन्हा दौतीत बुडवला. पण तिनं निवडलेल्या शब्दांपुढे आपला एकही शब्द त्यांना बसवता येईना. तारखेपाशी आठ वर्षांपूर्वीचं साल घालावंसं क्षणभर वाटलं. त्यांनी आजची तारीख घातली.

“कुठं निंगाले उनात?” डोमाजीनं वरून विचारलं.

“टपालात.”

गुडीहत्नूरच्या टपालवाल्यानं लिफाफ्यावरचा पत्ता वाचला.

“किनवट? आठ दिन में बंबई राज में जा रा, मालूम है ना?”

“तिकीट जास्त लागेल?”

“नक्को जी, टिकट वहीच है.” त्यानं तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि थैली उघडी धरली. मारोतरावांनी लिफाफा थैलीवर नेला, आणि तो तसाच धरून राहिले. मागे थांबलेला एक बैलगाडीवाला खाकरला.

“छोड़ेंगे तो जाएगा ना, साहब,” टपालवाला म्हणाला.

मारोतरावांनी बोटं सैल केली.